सोन्याच्या डोंगरावरची कौले

जगातल्या कोणत्याही मोठ्या बंदरात उतरा, धक्क्यापासून फार लांब नाही अशा जागी एक चिनी वस्ती सापडायचीच. सिंगापूर घ्या, योकोहामा घ्या, लिव्हरपूल घ्या, मेलबर्न घ्या. दूर कशाला, आपल्या कलकत्त्यातही ती आहे. आधी खलाशी उतरतो. खलाशामागोमाग खानावळवाला येतो, खानावळवाल्यामागोमाग धोबी, आणि गाठीला चार पैसे जमले की सर्वांत शेवटी देव येतो. देवळात धूप दरवळू लागला की वस्ती कायमची झाली असे खुशाल समजावे.

माणूस कायमचा झाला असे मात्र समजू नये. परक्या मुलुखात राहणे वेगळे आणि राहू दिले जाणे वेगळे. या सदरात मी वाचकांना एरवी जवळच्याच गल्लीबोळांतून हिंडवतो. दिवाळी अंकात पाने जरा सैल हाताने मिळतात, म्हणून आज एका लांबच्या गल्लीत नेतो. तिथल्या माणसांनी केवळ राहू दिले जावे एवढ्यासाठी आधी घरांची छपरे बदलली आणि मग स्वतःची आडनावे बदलली. ही वस्ती आहे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्को बंदरात.

चिनी माणसे या शहराला सॅन फ्रान्सिस्को म्हणत नाहीत. त्यांच्या भाषेत त्याचे नाव 'जुना सोन्याचा डोंगर'. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले, तेव्हा दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातली दुष्काळाने आणि दंगलींनी गांजलेली माणसे गलबतांत बसून इकडे आली आणि त्यांनी या किनाऱ्याला 'सोन्याचा डोंगर' म्हटले. पुढे १८५१ मध्ये ऑस्ट्रेलियात सोने निघाले. मग मेलबर्नकडचा तो 'नवा डोंगर' ठरला आणि हा आपोआप 'जुना' झाला. मोठ्या जाऊबाई येतात त्या काही पहिल्या दिवसापासून 'मोठ्या' नसतात, धाकटी आल्यावर होतात, तसेच हे.

माझा भाचा त्या शहरात नोकरीला आहे. त्याच्या शेजारी एक चिनी बाई राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर शाळेत शिकवलेल्या आणि चालण्यात आम्हा दोघांना सहज मागे टाकणाऱ्या. जन्म त्याच चिनी वस्तीतला. भाच्याच्या मुलीला त्या गणित शिकवतात आणि ती त्यांना सरळ 'आजी' म्हणते. त्या आजीबाईंनीच आम्हाला एक दिवस वस्ती दाखवायचे कबूल केले. आमच्या सौभाग्यवतींनी चकल्यांचा डबा बरोबर घेतला. वाटाड्याला रिकाम्या हाताने भेटू नये, हा त्यांचा शिरस्ता आहे.

ग्रँट अव्हेन्यू आणि बुश स्ट्रीट जिथे मिळतात, तिथे वस्तीचा दरवाजा आहे. हिरव्या कौलांची कमान, वर मासे आणि नागासारखे लांबलचक ड्रॅगन, दोन बाजूंना दगडी सिंह. मधल्या वाटेने मोटारी जातात आणि कडेच्या दोन वाटांनी माणसे. कमानीखाली इतकी मंडळी छायाचित्रे काढीत होती की आत शिरायला रांग लावावी लागली. आत शिरलो आणि डोळे दिपले. रस्त्यावर टांगलेले लाल कंदील, गच्च्यांना वळणदार कठडे, विजेच्या खांबांवरही ड्रॅगन. दुकानांत रेशीम, जेड, पंखे, चहाच्या किटल्या. एका काचेमागे भाजलेली बदके गळ्याने टांगलेली. त्या बाजूला सौभाग्यवतींनी पाहिलेच नाही.

"किती जुनी असेल हो ही कमान?" त्यांनी विचारले.

"माझ्याहून लहान," आजीबाई म्हणाल्या. "१९७० सालची. मी तेव्हा कॉलेजात होते."

आम्हाला त्यांनी चढ चढवून कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या नाक्यावर नेले. त्या उतारावरून दोराने ओढली जाणारी ट्राम घंटा वाजवीत जाते. नाक्याच्या एका कोपऱ्यात १८५४ सालचे विटांचे जुने ख्रिस्ती देऊळ आहे, ओल्ड सेंट मेरीज. त्याच्या समोरच्या दोन कोपऱ्यांत दोन चिनी मनोरे आहेत. त्या इमारतींची नावे सिंग चाँग आणि सिंग फाट. मजल्यावर मजले, टोकाशी वर वळलेली छपरे, शेंड्यावर कळस. जगातल्या अर्ध्याअधिक लोकांनी 'चायनाटाउन' म्हणून जे चित्र पाहिलेले असते, ते या नाक्याचे.

"आता मनोरा विसरा आणि खालची भिंत पाहा," आजीबाई शाळेतल्यासारखे बोट रोखून म्हणाल्या.

पाहिले. खालची भिंत अगदी साधी, त्या काळच्या कोणत्याही अमेरिकी पेढीच्या इमारतीसारखी. चौकोनी खिडक्या, सरळ विटा. डोक्यावर पागोटे घालावे तसा मनोरा वर ठेवलेला. चीनमध्ये असला मनोरा धर्माच्या जागी असतो, दुकानाच्या माथ्यावर नव्हे. आणि हे मनोरे रचणारे रॉस आणि बर्ग्रेन हे दोघे गोरे अमेरिकी. चीन त्यांनी पाहिलेलाही नव्हता.

मग हे पागोटे चढवले कोणी आणि कशासाठी? त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

सोन्याच्या पाठोपाठ रेल्वे आली. पूर्व आणि पश्चिम किनारा जोडणारा लोहमार्ग १० मे १८६९ रोजी पुरा झाला. त्याच्या पश्चिमेकडच्या टप्प्यावर, बर्फाच्या डोंगरांत सुरुंग लावून बोगदे खणणारे मजूर बहुतांशी चिनी होते, दहा हजारांहून अधिक. काम संपले, पुढे मंदी आली, आणि मजुरी खाली आणणारा म्हणून सगळा राग चिनी माणसावर निघाला. १८७७ साली शहरात दंगल झाली. 'चिन्यांनी चालते व्हावे' ही त्या वेळच्या एका कामगार पक्षाची घोषणाच होती.

दंगल दोन दिवसांत शमते, कायदेकानू शमत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरशासनाने एकेक नियम काढला तो वाचण्यासारखा आहे. १८७० मध्ये नियम झाला, की झोपायच्या जागेत दर माणशी ५०० घनफूट हवा असली पाहिजे. दिसायला केवढा आरोग्याचा नियम! पण खटले भरले ते दाटीवाटीने राहणाऱ्या चिन्यांवर, आणि त्यांना तुरुंगात इतके कोंबले की तिथेच माणशी ५०० घनफूट हवा उरली नाही. १८७६ चा नियम असा, की कैद्याचे केस मुळापासून इंचभर ठेवून कापावेत. त्या काळी चिनी माणसाला शेंडी राखणे भागच होते. शेंडी नाही, त्याला मायदेशी परतायचे तोंड नाही. हा नियम कोर्टाने १८७९ मध्ये रद्द केला.

पुढे पाळी धोब्यांची आली. लाकडी इमारतीत धोबीखाना चालवायचा तर परवाना हवा, असा नियम १८८० मध्ये निघाला. शहरात तेव्हा ३२० च्या आसपास धोबीखाने होते आणि त्यांतले ३१० लाकडीच होते. सुमारे दोनशे चिनी धोब्यांनी अर्ज केले. एकालाही परवाना मिळाला नाही. ऐंशीएक बिगरचिन्यांनी केले, त्यांत एक सोडून सगळ्यांना मिळाला. 'यिक वो' नावाच्या धोबीखान्याचा मालक हे प्रकरण थेट वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेला. १८८६ मध्ये न्यायालयाने एकमुखाने सांगितले, की कायदा कागदावर सर्वांना सारखा दिसला आणि हाताळताना एकाच जातीवर रोखला, तर तो न्याय नव्हे. हा निकाल अमेरिकेत आजही दाखला म्हणून सांगतात. गंमत अशी, की त्या माणसाचे नाव यिक वो नव्हतेच. ते दुकानाचे नाव. माणूस होता ली यिक. कज्जा माणसाने जिंकला आणि अजरामर दुकान झाले!

पण तोवर मोठा दरवाजा बंद झाला होता. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी केली, आणि कोणाही चिन्याला नागरिकत्व देऊ नये असेही त्यातच लिहिले. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक एवढ्यांना तेवढी सूट होती. एका देशाचे नाव घेऊन घातलेली ही अमेरिकेतली पहिली मोठी बंदी. ती वाढत वाढत ६१ वर्षे टिकली.

आणि मग १८ एप्रिल १९०६ उजाडला. पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी धरणी हलली. भूकंपाने जे राहिले ते आगीने नेले. तीन दिवस शहर जळत होते, २८ हजारांवर इमारती गेल्या आणि चिनी वस्तीची राख झाली. वस्तीतल्या माणसांना एका छावणीतून उठवून दुसऱ्या छावणीत हलवीत होते. राख अजून गरम असतानाच शहरातल्या बड्या मंडळींनी ठरवले, की हाताशी संधी आली आहे, चिन्यांना आता शहराच्या अगदी कडेला, हंटर्स पॉइंटला नेऊन टाकावे. जुनी वस्ती धक्क्याजवळ आणि पेढ्यांच्या शेजारी. अशा मोक्याच्या जमिनीवर त्यांचा कधीपासून डोळा होताच.

चिनी व्यापाऱ्यांनी या वेळी आरडाओरडा केला नाही, व्यवहार केला. चीनच्या वकिलातीने कळवले, की आमची कचेरी होती त्याच जागी पुन्हा बांधली जाईल. जमिनी बहुतेक गोऱ्या मालकांच्या होत्या. त्यांच्या लक्षात आले, की चिनी भाडेकरूइतके भाडे दुसरा कोणी देणार नाही. आणि व्यापाऱ्यांनी हळूच सांगितले, की इथे जागा नसेल तर आम्ही आमचा पूर्वेकडचा व्यापार घेऊन दुसऱ्या बंदरात जातो. जकातीचा आकडा डोळ्यांसमोर आल्यावर बड्या मंडळींचा उत्साह मावळला.

पण पुन्हा मावळलेला उत्साह कधी उगवेल याचा भरवसा काय? इथे लुक टिन इलाय हा व्यापारी पुढे आला. त्याची युक्ती अशी, की वस्ती पूर्वीसारखी बांधायचीच नाही. गोऱ्या माणसाच्या मनात चीनचे जे परीकथेतले चित्र आहे, मनोरे, ड्रॅगन, कंदील, तेच उभे करायचे. ज्या वस्तीला लोक नाक मुरडत होते, तिथे त्यांनी तिकीट काढून यावे. शहराला तिच्यापासून पैसा मिळावा आणि शोभाही मिळावी. मग तिला कोण उठवील? रॉस आणि बर्ग्रेन यांना बोलावले ते यासाठी. बांधकामे एकामागून एक उठली, आणि थोड्याच वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोची पाहुणेमंडळी या नाक्यावर हौसेने येऊ लागली.

या लुक टिन इलायची आणखी एक हकिगत आहे. तो जन्मला कॅलिफोर्नियातच, मेंडोसिनो गावी. लहानपणी शिक्षणासाठी त्याला चीनला पाठवले होते. १८८४ मध्ये, चौदा वर्षांचा असताना तो परतला, तेव्हा याच बंदरात अधिकाऱ्यांनी त्याला अडवले. कागद नाहीत म्हणाले. कोर्टात जावे लागले. न्यायाधीशांनी निकाल दिला, की जो इथे जन्मला तो इथला. पुढे १८९८ मध्ये वाँग किम आर्क या याच वस्तीत जन्मलेल्या तरुणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व साऱ्या देशासाठी पक्के केले. स्वतःच्या जन्मगावाच्या दारात ज्याला पोरवयात उभे केले गेले, त्याला छपराची किंमत कळायला कोणी शिकवावे लागत नाही.

म्हणून त्या नाक्यावर मान वर करून पाहताना मला ती कौले पूर्वजांच्या आठवणीची वाटली नाहीत. तो सरकारदरबारी केलेला अर्ज आहे, विटांत आणि चुन्यात लिहिलेला. 'आम्हाला इथे राहू द्यावे, ही विनंती.'

नाक्याच्या खालच्या अंगाला एक छोटा बगीचा आहे. तिथे सुन यत-सेन यांचा पुतळा आहे. तोंड आणि हात दगडाचे, अंगरखा चकाकत्या पोलादाचा. चिनी प्रजासत्ताकाचे हे जनक. आजीबाई पुतळ्याकडे पाहून मिस्किलपणे हसल्या. "हेही कागदावरचेच," म्हणाल्या. १९०४ साली अमेरिकेत शिरण्यासाठी सुन यत-सेन यांनी आपला जन्म हवाई बेटात झाल्याचा दाखला मिळवला होता. जन्म खरा क्वांगतुंगमधला. तो दाखला असूनही याच बंदरात त्यांना काही दिवस अडकवून ठेवले होते.

'कागदावरचे' हा शब्द या वस्तीत फार वजनाचा आहे. १९०६ च्या आगीत नुसती घरे जळली नाहीत, नगरभवनातली जन्माची दप्तरेही जळाली. मग एखादा चिनी म्हणाला, की मी इथे जन्मलो, तर ते खोटे ठरवायला सरकारजवळ पुरावा नव्हता. जो इथे जन्मला तो नागरिक. नागरिकाची मुले चीनमध्ये जन्मली तरी त्यांना यायचा हक्क. असा नागरिक दोन-चार वर्षांनी गावी जाऊन येई आणि परतताना नोंद करी, की मला मुलगा झाला. मुलगा झालेला असो वा नसो, नोंद झाली म्हणजे एक जागा तयार झाली. ती जागा पुतण्याला द्यायची, शेजाऱ्याच्या मुलाला द्यायची किंवा विकायची. वयाच्या दर वर्षामागे शंभर डॉलर असा भाव सांगत. असे आलेले ते 'कागदी मुलगे'. हिशेब मांडला तर त्या काळच्या इथल्या प्रत्येक चिनी बाईला शेकडो मुलगे झाले असले पाहिजेत, असे म्हणत. गांधारीने हात टेकले असते!

सरकारलाही हे ठाऊक होते. म्हणून १९१० मध्ये खाडीतल्या एंजल बेटावर परदेशी उतारूंची चौकी उघडली. आजीबाईंचे वडील तिथे उतरले १९३० नंतर, वय वर्षे बारा. दुसऱ्या दिवशी आम्ही होडीने त्या बेटावर गेलो. लाकडी बराकी अजून उभ्या आहेत. आता ते सरकारी संग्रहालय आहे. एकावर एक कट, जाळीच्या खिडक्या, आणि खिडकीतून समोर दिसणारा तो 'सोन्याचा डोंगर'. कोणी आठवडाभर राहिले, कोणी महिने, काही दीड-दोन वर्षेसुद्धा. भिंतीच्या फळ्यांवर चिनी अक्षरांत कविता कोरलेल्या आहेत. दोनशेहून अधिक सापडल्या. १९४० मध्ये चौकी बंद झाली, इमारती पाडायच्या घाटात होत्या, आणि १९७० मध्ये एका वनरक्षकाच्या बॅटरीच्या उजेडात ती अक्षरे दिसली म्हणून त्या वाचल्या.

इथे जबाब घेत. तुझ्या घराला पायऱ्या किती? तांदळाची कणगी कुठल्या कोपऱ्यात? गल्लीतल्या तिसऱ्या घरात कोण राहते, त्याला मुले किती? विहीर दाराच्या डाव्या हाताला की उजव्या? तेच प्रश्न कागदी बापाला वेगळ्या खोलीत. उत्तरे जुळली नाहीत की परतीची बोट. म्हणून मुले बोटीवर पाठांतर करीत येत आणि किनारा दिसताच पाठाची वही समुद्रात टाकीत.

होडीतून परतताना सौभाग्यवतींनी मला विचारले, "आपल्या वाड्याच्या जिन्याला पायऱ्या किती?" मी म्हणालो चौदा. त्या म्हणाल्या सोळा. तीस वर्षे आम्ही तो जिना चढलो-उतरलो आहोत. कोणाचे खरे ते घरी जाऊन मोजू, पण त्या बेटावर आमचा संसार कोणी खरा मानला नसता. खरे बाप-लेकही तिथे असेच अडकत. वडिलांना जबाबाला तीन वेळा उभे केले होते, आजीबाईंनी सांगितले. बारा वर्षांचे पोर, नवे नाव, नवा बाप, नवे गाव. तीन महिन्यांनी सुटले.

या बेटावर आपलीही माणसे अडकली. पंजाबातून आलेले बरेच शेतकरी इथूनच परत पाठवले गेले. याच सॅन फ्रान्सिस्कोत १९१३ मध्ये 'गदर' पत्र निघाले. त्या चळवळीत आपले पांडुरंग खानखोजे होते, आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे होते, ज्यांना १९१५ मध्ये लाहोरात फाशी झाली. १९१७ मध्ये अमेरिकेने जी बंदी चिन्यांवर होती तिच्यासारखीच हिंदुस्थानातल्या माणसांवर घातली. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारले. चिन्यांचा दरवाजा १९४३ मध्ये उघडला, वर्षाला १०५ माणसांपुरता. चीन तेव्हा युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढत होता. आपला उघडला १९४६ मध्ये, वर्षाला १०० माणसांपुरता. दोघांनाही मोकळेपणाने येता आले ते १९६५ च्या कायद्यानंतर. माझा भाचा विमानातून उतरून भाड्याने घर घेतो आणि आठवड्यात कामावर जातो, ती वाट आधी कोणी चालून घासून ठेवलेली आहे. बेटावरच्या त्या फळ्यांकडे पाहताना भाचा बराच वेळ गप्प होता.

छपरांचा देखावा ग्रँट अव्हेन्यूवर आहे. माणसे राहतात ती मागच्या गल्ल्यांत. वेव्हर्ली प्लेस या गल्लीत तीन जिने चढून गेलो की तिन हाउ या दर्यादेवीचे देऊळ आहे. परंपरा १८५२ ची सांगतात. छताला लाल कंदील, धुपाचा वास, नैवेद्याला संत्री. समुद्र ओलांडून सुखरूप आणलेस म्हणून पहिला नमस्कार हिला. सौभाग्यवतींनी आपल्या पद्धतीने हात जोडले. त्याचे कोणाला नवल वाटले नाही. रॉस अ‍ॅलीत १९६२ पासूनचा एक चिमुकला कारखाना आहे, पोटात भविष्याची चिठ्ठी घातलेली बिस्किटे घडवणारा. ही बिस्किटे चीनमध्ये कोणाला ठाऊक नाहीत. त्यांचे मूळ जपानी आहे आणि ती वाढली कॅलिफोर्नियात. तीही मनोऱ्यांसारखीच!

वॉशिंग्टन स्ट्रीटवर एक तीन छपरी इमारत आहे. आता तिथे बँक आहे. पूर्वी तिथे चिनी टेलिफोनचे केंद्र होते. माणसाला आकड्याने पुकारणे असभ्य, म्हणून लोक नाव सांगून फोन मागत, आणि तिथल्या मुलींना दोन हजारांवर वर्गणीदारांची नावे, घरे आणि धंदे तोंडपाठ असत. शिवाय इंग्रजी आणि चिनी भाषेच्या पाच बोली. १९४९ मध्ये चकती फिरवायचे फोन आले आणि ते संपले. त्या मुलींना कोणाची दोन नावे आहेत हेही माहीत असणार, असे मला आपले वाटून गेले.

पोर्ट्समथ चौकात म्हातारी मंडळी बाकांवर पत्ते आणि बुद्धिबळ खेळत होती. आसपासच्या कितीतरी इमारतींत एकेका खोलीत एकेक कुटुंब राहते. मोरी आणि चूल सामाईक. चाळीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. चौक हीच त्यांची बैठकीची खोली. आम्हीही टेकलो. शेजारच्या दुकानातून आजीबाईंनी वाफाळते पेले आणले. मी म्हणालो, "चहा." त्या म्हणाल्या, "चा." शब्द तिकडचाच, आपल्याकडे येताना त्याला एक 'ह' चिकटला एवढेच. चकल्यांचा डबा उघडला गेला आणि शेजारच्या पत्त्यांच्या डावातही दोन पोचल्या.

तिथे बसून त्यांनी उरलेली गोष्ट सांगितली. वडील महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. परतल्यावर लग्न, किराणा दुकान, मुले. १९५६ मध्ये सरकारने योजना काढली, की ज्यांनी खोट्या नावाने प्रवेश केला त्यांनी कबुली द्यावी, बहुधा राहू दिले जाईल. पण एकाने कबुली दिली की त्याच्या कागदावरचा बाप, भाऊ, त्यांची मुले सगळी उघडी पडत. ही योजना १९६५ पर्यंत चालली आणि १३ हजारांहून अधिक लोकांनी कबुली दिली. किती घरांत भावाभावांचे बोलणे तुटले त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

"मी अकरा वर्षांची होते," आजीबाई म्हणाल्या. "रात्री दुकान बंद करून बाबांनी आम्हा भावंडांना ओळीने बसवले आणि सांगितले, आपले आडनाव आपले नाही. ज्यांना तुम्ही थोरले काका म्हणता ते आपले कोणी नाहीत. आणि हे दाराबाहेर बोलायचे नाही. मी वर्गात पहिली यायची. सर्व वह्यांवर ते नाव लिहिलेले. त्या रात्री मी सगळ्या वह्या काढून पाहत बसले."

"मग कबुली दिली?" सौभाग्यवतींनी विचारले.

"नाही. कागदी काका नको म्हणाले, त्यांना सहा मुले होती. बाबा म्हणाले, त्या माणसाने मला मुलगा म्हटले म्हणून मी जगलो. मी त्याला कसा बुडवू? त्यांनी जन्मभर ते नाव चालवले. मीही तेच लावते. त्याच नावावर जेवलो, शिकलो."

अमेरिकी संसदेच्या दोन सभागृहांनी २०११ आणि २०१२ मध्ये त्या जुन्या कायद्यांबद्दल खेद व्यक्त केला. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०२२ मध्ये माफी मागितली. आजीबाईंना त्याचे बरे वाटले का, असे मी विचारले. "शाळेत मुलाने चूक कबूल केली की बरे वाटतेच," त्या म्हणाल्या, "पण बाबांना वाचून दाखवायला ते नव्हते."

वडिलांना शहराच्या दक्षिणेला कोल्मा गावी पुरले आहे. तिथे त्यांच्यासारख्या पुष्कळांच्या दगडांवर दोन भाषांत नावे आहेत. इंग्रजीत कागदावरचे आडनाव, पोलिसाला आणि टपालवाल्याला वाचता येईल असे. त्याच्या शेजारी, चिनी अक्षरांत, खरे. पन्नासएक वर्षे दाराबाहेर न बोललेले ते नाव त्यांनी दगडावर उघड्यावर लिहवून घेतले.

"आता तिथून त्यांना कोण परत पाठवणार?" आजीबाई म्हणाल्या, आणि डब्यातली शेवटची चकली त्यांनी माझ्यापुढे केली.